मेर फोडायची जागा

दिवाळीच्या आधी चार दिवस आमच्या घरी एक कापडी पिशवी यायची. जुन्या लेंग्याच्या कापडाची, हाताने शिवलेली, तोंडाला सुंभाची गाठ. आत पाचेक किलो उकडे तांदूळ. घेऊन येणारा माणूस पायरीवरच बसायचा, अर्धा कप चहा घ्यायचा आणि दरवर्षी तेच वाक्य बोलायचा, "सायबानू, तुमच्या कुणग्यातले तांदूळ."

कुणगा म्हणजे आमच्या सिंधुदुर्गात भातशेतीचा तुकडा. माझ्या नावावर कुठे कुणगा नव्हता, आजही नाही. सरकारी माणसाने कोणाकडून काही घेऊ नये हे मला पाठ होतं आणि सगळ्या नोकरीत मी कंत्राटदाराची सुपारीसुद्धा खाल्ली नाही. त्यापायी काही जणांशी भांडणंही झाली. ही एवढी पिशवी मात्र मी घेत आलो. तिच्यात मला माझ्या कामाची पावती दिसायची. त्या तांदळाची पेज झाली की मी बायकोला ऐकवायचो, बघ मालती, व्हाळाच्या गाळात पिकलेल्या भाताची चवच निराळी. बाबलदालाही दरवर्षी न चुकता सांगायचो, "बाबलदा, मला चव बरोबर कळते हो." तो मान हलवायचा आणि उरलेला चहा बशीत ओतायचा.

बाबलदा म्हणजे ती पिशवी आणणारा माणूस. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा, काटकुळा, बोलायला अत्यंत कंजूष. आणि मी लहान पाटबंधाऱ्यांच्या खात्यातला शाखा अभियंता. नाव भारदस्त आहे, काम म्हणजे व्हाळ. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पावसाळ्यात रस्ता खाणारा आणि मे महिन्यात बेडकालाही न पुरणारा ओढा म्हणजे व्हाळ. त्यावर बंधारे घालायचे, साकव म्हणजे छोटे पूल बांधायचे, गाळ काढायचा, काठाला भिंत घालायची आणि मग कार्यालयात बसून हे सगळं का केलं ते लिहायचं. माझं हत्यार म्हणजे डंपी लेव्हल, तीन पायांवर उभी करायची दुर्बीण. जमिनीचा चढउतार ती बोटाच्या पेरापर्यंत सांगते. माझी दुर्बीण मी शिपायालाही उचलू द्यायचो नाही. खांद्यावर मारून मीच न्यायचो आणि लोक हसायचे. हसू देत.

आता ज्या व्हाळाबद्दल लिहायचं आहे त्याचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. मालवणच्या बाजूचं गाव आहे एवढं पुरे. हा व्हाळ वरच्या सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावरून उतरतो, बाबलदाच्या घराखाली येतो, तिथून खालच्या वाडीला लागून खाडीला मिळतो. बाबलदाच्या घराखाली त्याला एक मोठं वळण होतं. वळणाच्या पोटात चिखल, केवडा, निवराची झाडं आणि डुंबणाऱ्या म्हशी. जमीन बाबलदाच्याच नावावर, पण सातबाऱ्यावर तिच्यापुढे 'पोटखराब' असा शेरा होता. म्हणजे हिच्यात काही पिकत नाही, हिला धरू नका.

व्हाळ वळण घेतो म्हणजे उगाच वेळ काढतो असं आम्हाला तेव्हा वाटायचं. कॉलेजात तसंच शिकवलेलं. पाणी आलं की लवकरात लवकर खाडीला पोचवायचं, मध्ये रेंगाळू द्यायचं नाही. त्यात माझा स्वभाव. मला सरळ रेष आवडते. घरातलं कपाट भिंतीला समांतर नसेल तर मला आजही जेवण जात नाही. मी आराखडा काढला, मंजुरी आणली, पोकलेन लावला आणि चार दिवसांत व्हाळाचं ते वळण काढून टाकलं. पट्टीने आखावा तसा व्हाळ. निघालेला सगळा गाळ जुन्या वळणात भरला. पोकलेनच्या शेजारी चारही दिवस बाबलदा उभा होता, उन्हात, डोक्यावर टॉवेल टाकून.

त्याच्याकडे होती ती बाकीची जमीन सगळी वरकस, नाचणी-वरीपुरती. भात त्याला कधी पिकलंच नव्हतं. त्या भरावावर त्याने आणि इंदू वयनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, हाताने माती सपाट केली आणि व्हाळाच्या बाजूला मेर घातली. मेर म्हणजे कुणग्याभोवतीचा मातीचा बांध. दुसऱ्या पावसाळ्यात तिथे भात उभं राहिलं. त्या दिवाळीला पहिली पिशवी आली. गाव त्या तुकड्याला 'सायबाचो कुणगो' म्हणायला लागलं. मी वरवर म्हणायचो, कसलं हो, काहीतरीच. पण मनात गुदगुल्या व्हायच्या, खोटं कशाला बोलू?

दोन-तीन वर्षांनी खालच्या वाडीत पाणी शिरलं.

तिथे शकू नावाची अंगणवाडी सेविका राहते. तिची सासू अंथरुणाला खिळलेली. पाणी आलं की सासूला लाकडी खुर्चीत बसवून चार माणसं उचलून देवळात नेत. म्हातारी सगळी वाट रडायची, मला इथेच राहू द्या म्हणायची. मी पाहणीला गेलो तेव्हा ती देवळाच्या ओवरीत तशीच खुर्चीत बसलेली होती आणि शकू तिची ओली लुगडी पिळत होती. मी तिच्या घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ मोजली आणि अहवालात लिहिलं, अतिवृष्टी आणि भरती एकाच वेळी आल्यामुळे. ते खोटं नव्हतं. खाडीला भरती असली की व्हाळाचं पाणी आत घेतलंच जात नाही, ते मागे फुगतं. पण पूर्वीही भरती यायचीच की! तेव्हा वाडीत पाणी का शिरत नव्हतं, हा प्रश्न मी अहवालात घेतला नाही. स्वतःलाही विचारला नाही.

त्या वर्षी दिवाळी जवळ आली तसा मी थोडा अस्वस्थ होतो. पण पिशवी आली. कुणगा पिकला म्हणजे व्हाळ जागेवर आहे, आणि व्हाळ जागेवर आहे म्हणजे माझं काम चोख आहे, असा हिशेब मी त्या तांदळावर मांडला. पुढे दर दोन-तीन वर्षांनी वाडीत पाणी येत राहिलं आणि दर दिवाळीला तांदूळ येत राहिले. मी जेवत राहिलो.

गावाची मात्र आणखी एक समजूत होती. पाणी देवळाच्या दुसऱ्या पायरीला लागलं की तिथले घाडीमामा देवापुढे उभे राहून गाऱ्हाणं घालत. घाडी म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणारा माणूस. गाव मागे उभं राहून 'व्हय म्हाराजा' म्हणे, आणि अर्ध्याएक तासात पाणी चढायचं थांबे. मी हे दोनदा डोळ्यांनी पाहिलं. भरती ओसरत असेल, असं म्हणून हसून सोडून दिलं. भरतीचं कोष्टक काढून बघावं एवढी तसदी मी घेतली नाही, आणि हा माझ्यातल्या अभियंत्याला मी लावलेला सगळ्यात मोठा बट्टा आहे.

मी निवृत्त झालो त्याच वर्षी बाबलदा गेला. शेतातून आला, ओटीवर टेकला आणि तिथेच. मी भेटायला गेलो तर वयनी म्हणाली, तुमची पिशवी चुकायची नाही. खरंच चुकली नाही. ती एस.टी.च्या कंडक्टरकडे देऊन पाठवायची.

त्याच्या पुढच्या पावसात वाडीत पाणी आलं ते पहिल्यांदाच देवळाच्या आत शिरलं. घाडीमामांनी गाऱ्हाणं घातलं. पाणी थांबलं नाही. त्यांनी पुन्हा घातलं. शकूच्या सासूची खुर्ची ओवरीतून उचलून गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत न्यावी लागली. देव रागावला, असं गाव म्हणायला लागलं, आणि घाडीमामांनी आठ दिवस कोणाला तोंड दाखवलं नाही.

तेव्हा मेघना आली. मूळची फोंडाघाटची, पुण्यात शिकलेली, नद्या आणि व्हाळ गावाच्या हाताने सुधारणाऱ्या एका संस्थेत काम करणारी. मला काका म्हणायची. माझ्याकडे जुने नकाशे आहेत हे तिला कोणीतरी सांगितलेलं. ते तिने जमिनीवर पसरले, जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवला आणि वळणाच्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "काका, हा व्हाळ सरळ कोणी केला?"

मी म्हटलं, "खात्याने."

हे एक उत्तर मला आयुष्यात परत घ्यायला मिळालं तर मी घेईन. खालच्या कोपऱ्यात माझी सही होती. तिने ती वाचली असणार. तिने नकाशाची घडी घातली आणि म्हणाली, चला, आपण वरून खाली चालत येऊ. चार दिवस तिने मला सडा ते खाडी असं चालवलं. मी चिडचिड केली, गुडघे दुखतात म्हटलं, ऊन लागतं म्हटलं. ती पुढे चालत राहायची.

तिचं म्हणणं साधं होतं. पाणी अडवायचं नाही, पळूही द्यायचं नाही. त्याला वाटेत दहा ठिकाणी थोडं थोडं टेकू द्यायचं. चतुर्थीला मुंबईचे सगळे चाकरमानी एकाच गाडीने एकाच घरी उतरले तर जे होईल तेच वाडीचं होत होतं. आधी ते पाणी वाटेत मुक्काम करत यायचं, कोण केवड्यात, कोण वळणात, कोण शेतात. भरती ओसरायला वेळ मिळायचा. मी सगळ्यांना एकाच गाडीत बसवलं होतं, तीही भरतीच्या वेळेला पोचणारी. हे कळायला मला दुर्बीण लागायला नको होती.

मग कामाला लागलो. सरकारी नाही, गावाचं काम. आठवड्यातून एक दिवस, घरटी एक माणूस. सड्याखालच्या भागात, जिथे व्हाळ अरुंद आहे, तिथे पडलेली झाडं, जाड ओंडके आडवे टाकले. पक्की भिंत नाही. खालून रोजचं पाणी जायला फट ठेवायची आणि लोंढा आला की ओंडक्यांनी त्याला जरा थोपवायचं. अशा नऊ अडसरांना आम्हाला थंडीचे दोन महिने लागले. एक चाकरमानी मुंबईहून आला आणि म्हणाला, हा कचरा कशाला, त्यापेक्षा काँक्रीटचा घाट करा, रेलिंग लावा, संध्याकाळी बसता येईल. वीस वर्षांपूर्वी मी त्याच्या गळ्यात पडलो असतो.

शिमगा आला. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर गेलो तर व्हाळ स्वच्छ. एक ओंडका नाही. आमच्याकडे होळीसाठी लाकूड चोरायची रीत आहे आणि होळीला गेलेल्या लाकडाचा जाब विचारायचा नसतो. गावातल्या तरुणांनी नऊच्या नऊ अडसर उचलून नेले होते, आणि त्यांतले निम्मे जण ते बांधायलाही होते! विचारलं तर हसून म्हणाले, काका, तयार लाकडं होती, एका जागी. मी जे बोललो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. मेघना मात्र दगडावर बसून हसत सुटली.

तोडगा घाडीमामांनी काढला. पुन्हा नऊ अडसर झाल्यावर ते स्वतः नारळ घेऊन वर आले. गाऱ्हाणं चुकल्यापासून पहिल्यांदाच चारचौघांत उभे राहिले. नारळ दोन्ही हातांत धरून म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या व्हाळात जी लाकडा घातली आसत ती आजपासून तुझी. जो कोण हात लावीत, तेका तू बघून घे रे म्हाराजा." मागून लोकांनी व्हय म्हाराजा म्हटलं. मीही म्हटलं. त्या दिवसापासून आजवर त्यातली काटकीसुद्धा कोणी उचललेली नाही. खात्यात असताना मी 'सरकारी मालमत्ता, हात लावू नये' असे किती बोर्ड लावले, ते बोर्डसुद्धा लोकांनी कोंबड्यांच्या खुराड्याला वापरले.

त्या पावसाळ्यात लोंढा उशिरा आला, थोडा उतरलेला आला, पण आला. शकूच्या घरात घोटाभर पाणी. सासूची खुर्ची पुन्हा उचलावी लागली. मेघनाने सगळं मोजून सांगितलं, वरचं काम चांगलं झालंय, पण खाली वाडीच्या आधी पाण्याला पसरायला एक मोठी जागा पाहिजे. ती पुढे बोलायच्या आधीच मला कळलं. संपूर्ण व्हाळावर तशी जागा एकच होती. बाबलदाचा कुणगा.

म्हणजे मला जाऊन त्या बाईला सांगायचं होतं, की ज्या तुकड्यावर तुझ्या नवऱ्याने आयुष्यभर जीव टाकला, ज्यात तुझं वर्षाचं भात पिकतं, तो परत व्हाळाला दे. आणि त्याच्याआधी हे सांगायचं होतं, की तो तुकडा झाला तीच चूक होती, आणि ती माझी. बाबलदाला जन्मात एकच गोष्ट अभिमानाची मिळालेली, ती मी त्याच्या मागे काढून घेणार होतो. वाडीतलं कोणी वयनीकडे जायला तयार नव्हतं. शकूसुद्धा म्हणाली, नको, आम्ही खुर्ची उचलू, त्या माउलीच्या तोंडचा घास नको. मी तीन आठवडे आज जातो, उद्या जातो करत राहिलो. शेवटी मालतीनेच छत्री हातात दिली आणि म्हणाली, तिचे तांदूळ जेवलात ना इतकी वर्षं? जा.

वयनी खळ्यात, म्हणजे अंगणात, पावसाने दमट झालेली आमसुलं पुन्हा वाळत घालत होती. मी पायरीवर बसलो, बाबलदा आमच्याकडे बसायचा तसा. चहा आला. मी नकाशाची गुंडाळी नेली होती ती उघडलीच नाही. सगळं सांगितलं. वळण, भरती, वाडी, शकूची सासू. "वयनी, व्हाळ मी सरळ केलाय. चूक माझी," असं म्हणालो.

तिने आमसुलांचं सूप बाजूला ठेवलं. उठून आत गेली. मला वाटलं, झालं, आता ही बाहेर यायची नाही. ती बाहेर आली ती कुदळ घेऊन. दांडा हाताने झिजून गुळगुळीत झालेला. तिने ती माझ्या पायाशी ठेवली.

"ही घेवा, सायबानू. माझ्यान पेलवना नाय."

मला काही उमगेना. ती खांबाला टेकून बसली आणि सांगू लागली. व्हाळ चुकीचा झाला हे बाबलदाला पहिल्याच लोंढ्यात कळलं होतं. वाडीतून आरडाओरडा ऐकू आला की तो कुदळ घेऊन खाली जायचा आणि कुणग्याची मेर फोडायचा. व्हाळाचं पाणी कुणग्यात पसरायचं. पाऊण तासात कुणगा भरायचा आणि वाडीत पाणी चढायचं थांबायचं. तेव्हा तिकडे देवळात घाडीमामांचं गाऱ्हाणं चाललेलं असायचं.

मी विचारलं, आणि भात?

"कुसान जाय. चार दिस पाणी ऱ्हवल्यार भात ऱ्हवता काय?"

मग दिवाळीला मला दिलेले तांदूळ? ती पहिल्यांदाच थोडी हसली. ज्या वर्षी मेर फोडली त्या वर्षी बाबलदा कुडाळच्या बाजारात जाऊन उकडे तांदूळ घेऊन यायचा. घरी नाचणीची भाकरी खायची आणि माझी पिशवी भरायची. "म्हणत, सायब वाट बघत आसतले. तुमी इतक्या हौसेन केल्यात, तुमका वायट वाटात."

म्हणजे ज्या ज्या वर्षी वाडीत पाणी आलं, त्या त्या वर्षी मी बाजारचे तांदूळ खाऊन गाळाच्या चवीचं कौतुक केलं होतं. आणि तो माणूस समोर पायरीवर बसून मान हलवत होता. मी वयनीसमोर रडलो. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

वयनीच्या डोळ्यांतही पाणी होतं, पण तिचं दुःख वेगळं होतं. बाबलदा गेल्यावर पहिल्या लोंढ्याला ती स्वतः कुदळ घेऊन खाली गेली होती. सत्तरीकडे झुकलेली बाई, भर पावसात. चार घाव घातले आणि हात उचलेना. मेर फुटली नाही आणि देवळात पाणी शिरलं. दुसऱ्या वर्षीही मेर फुटली नाही. ती दोन वर्षं हे एकटीच मनात घेऊन बसली होती. "खालच्या वाडीत पाणी गेला ता माझ्यामुळे," ती म्हणाली. मी तिला म्हटलं, वयनी, असं म्हणू नका. तीही मला तेच म्हणाली. आम्ही दोघं म्हातारी माणसं एकमेकांची समजूत घालत बराच वेळ त्या खळ्यात बसलो होतो आणि आमसुलांवर मुंग्या चढल्या.

कुणगा द्यायला तिने क्षणभरही घेतला नाही. तो व्हाळाचाच होता, आम्ही नुसता सांभाळला, म्हणाली. तिच्या अटी दोनच होत्या. पहिली, हे देवळात कोणाला सांगायचं नाही. देवाचं नाव होतं तेच बरं, आणि घाडीमामांना कमीपणा नको. दुसरी अट तिने कुणग्याकडे बोट करून सांगितली. "फोडतल्यात तर थंयच फोडा, जंय हे फोडीत."

ती जागा म्हणजे मेरेवरच्या जांभळीच्या उजव्या अंगाला. मी खात्याचा माणूस, नुसत्या बोटावर विश्वास कसा ठेवणार? दुसऱ्या दिवशी दुर्बीण खांद्यावर टाकून गेलो, मेरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लेव्हल घेतली, आकडेमोड केली आणि जिथे तोंड पाडायला हवं तिथे चुन्याची खूण केली. खूण आणि जांभळीची उजवी बाजू यांच्यात दोन पावलांचं अंतर होतं. मेघनाने दोन्ही जागा बघितल्या आणि म्हणाली, काका, तुमच्या जागेवर माती सुटेल, इथे जांभळीच्या मुळ्या धरून ठेवतील. आम्ही बाबलदाची जागा धरली. भात कापून झाल्यावर तोंड पाडायला घेतलं, पोकलेन मागवला नाही. वाडीची माणसं आली आणि पहिला घाव मी बाबलदाच्या कुदळीने घातला. वयनी खळ्यात उभी राहून बघत होती. वाडीने ठरवलं, दरवर्षी सुगीला दर घरातून एक पायली भात वयनीच्या कणगीत. तिने नको नको म्हटलं, शकू ऐकेना.

आषाढातल्या अवसेला मोठी भरती होती आणि सकाळपासून आभाळ फाटलेलं. दुपारी आम्ही मेरेवर छत्र्या धरून उभे होतो. व्हाळ तांबडा होऊन आला, वर वर चढत गेला, जांभळीपाशी आला आणि वळला. कसलाही आवाज नाही. आपल्या घराची कडी माहीत असलेल्या माणसासारखं ते पाणी आत आलं आणि कुणगाभर पसरून बसलं. देवळात घाडीमामांनी गाऱ्हाणं घातलं होतंच. पाणी दुसऱ्या पायरीवर थांबलं. शकूची सासू घरी पलंगावर होती. तिला बाहेर काय चाललंय तेही ठाऊक नव्हतं, ती चहा मागत होती. घाडीमामा भिजत आमच्याकडे आले आणि म्हणाले, देव परत आला. मी तोंड उघडणार तेवढ्यात वयनीने माझ्याकडे पाहून हळूच नकाराची मान हलवली. मी छत्री घाडीमामांच्या डोक्यावर धरली.

मग आज हे मी लिहितोय कसा? तर यंदा वयनीनेच जाऊन घाडीमामांना सगळं सांगितलं. मी शेजारी उभा होतो, जीव मुठीत धरून. घाडीमामांनी देवाकडे पाहिलं. मग म्हणाले, "देवाक तरी हात खंय आसत? कोणाचे तरी घेवकच व्हये." तेव्हा वयनी मला म्हणाली, आता लिहा.

वयनीने कुदळ दिली त्या दिवशीच घरी येऊन मी मालतीला बाजारच्या तांदळाची गोष्ट सांगितली होती. ती म्हणाली, मला तसे आले त्या पहिल्या वर्षीच कळलं होतं, गिरणीत कांडलेला तांदूळ धुताना कळतो. मग बोलली का नाहीस? तर म्हणे, तुम्ही इतके खुशीत जेवत होता.

कुणग्यात आता केवडा परत आलाय. निवराची चार रोपं आपोआप उगवली आहेत आणि सातबाऱ्यावर पुन्हा पोटखराब लिहायची वेळ आली आहे. गेल्या दिवाळीच्या आधी चार दिवस मी कुडाळच्या बाजारात गेलो आणि पाच किलो उकडे तांदूळ घेतले. मालतीने त्या लेंग्याच्या कापडाच्या पिशव्या जपून ठेवल्या होत्या, त्यातल्या एकीत भरले, तोंडाला सुंभाची गाठ मारली आणि एस.टी. धरून वयनीकडे गेलो. पायरीवर बसलो. चहा अर्धा कप.

वयनीने गाठ सोडली. मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन उजेडाकडे धरले, बोटाने चाळवले.

"खंयच्या कुणग्यातले?"

मी म्हटलं, "बाबलदाच्या."

तिने खाली कुणग्याकडे पाहिलं. घोटाभर पाणी होतं आणि त्यात एक पाणकोंबडी पिल्लं घेऊन फिरत होती. वयनीने तांदूळ एक दाणा न सांडता परत पिशवीत ओतले.

"जेवान बगतंय," ती म्हणाली. "माका चव बरोबर कळता, सायबानू."